ओखा आणि बेट द्वारका: नाशिकहून प्रथमच जाणाऱ्यांसाठी

नाशिकहून द्वारकेच्या यात्रेला जाणारे बहुतेक लोक द्वारका स्थानकावर उतरतात, जगत मंदिरात, म्हणजे द्वारकाधीशाच्या मुख्य मंदिरात, दर्शन घेतात, दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून नागेश्वर, गोपी तलाव आणि बेट द्वारका असा फेरा अर्ध्या दिवसात उरकतात आणि परतीच्या गाडीत बसतात. ओखा हे बंदराचे गाव त्यांना गाडीच्या काचेतून काही क्षण दिसते, तेवढेच. माझे मत असे आहे की ज्यांना ही यात्रा घाई न करता, विशेषतः घरातील वयस्कर मंडळींना बरोबर घेऊन करायची आहे, त्यांनी सगळी आखणी ओख्यापासून सुरू करून मागे नाशिकपर्यंत आणावी. आधी बेटावर जाण्याची वेळ ठरवावी, तिच्यावरून मुक्काम कुठे करायचा ते ठरवावे आणि रेल्वेचे तिकीट सर्वांत शेवटी काढावे. आपल्याकडे नेमके उलटे होते: तिकीट आधी निघते आणि मग उरलेल्या तासांत देव बसवावे लागतात.

हे मी अनुभवाने शिकलो. ओखा आणि बेट यांना जोडणारा पूल होण्यापूर्वी आईला घेऊन गेलो होतो, तेव्हा ओख्याच्या जेट्टीवर पोहोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. बोट भरायला वेळ लागला, आणि बेटावर उतरून गल्लीतून मंदिरापर्यंत चालत गेलो तेव्हा दुपारचे दरवाजे बंद झालेले होते. एका दुकानाच्या पायरीवर आई तीन तास बसून राहिली. दुकानदाराने पाणी दिले, सावली दिली, पण परतीची गाडी त्याच संध्याकाळची असल्याने दर्शन झाले ते अक्षरशः उभ्या उभ्या. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

जागा समजून घ्यावी

सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला, कच्छच्या आखाताच्या मुखाशी ओखा आहे. द्वारकेपासून रस्त्याने अंतर साधारण ३० किलोमीटर आहे. रेल्वेचा मार्ग राजकोट, जामनगर, द्वारका आणि मिठापूर असा येऊन ओख्याला संपतो. पुढे पाणी आहे आणि पाण्यापलीकडे बेट द्वारका. या बेटाला शंखोद्धार असेही म्हणतात. हा सगळा भाग २०१३ पासून देवभूमी द्वारका या जिल्ह्यात येतो. त्याआधी तो जामनगर जिल्ह्यात होता, त्यामुळे जुन्या पत्त्यांवर आणि फलकांवर जामनगरचे नाव आढळले तर गोंधळून जाऊ नये.

नाशिककरांना या गावाबद्दल आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. ओखामंडळ हा भाग बडोदा संस्थानाचा होता, आणि १९२० च्या दशकात ओख्याला आधुनिक बंदर उभे राहिले ते महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत. सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी आपल्याच जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे या गावी झाला. शेतकऱ्याच्या घरातील गोपाळ १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि पुढे त्याच्या राज्याला स्वतःचे समुद्रद्वार मिळाले. समुद्रापासून इतक्या दूर जन्मलेल्या माणसाच्या राजवटीत हा धक्का बांधला गेला, हे त्या धक्क्यावर उभे राहिल्यावर आठवावे असे मला मनापासून वाटते. आज बंदराचा कारभार गुजरात मेरीटाइम बोर्डाकडे आहे. नौदलाचा ‘आयएनएस द्वारका’ हा तळही ओख्यातच असल्याने बंदर, तटरक्षक दलाच्या नौका आणि त्यांच्या आसपासच्या इमारती यांची छायाचित्रे काढू नयेत. कोणी हटकले तर वाद न घालता ओळखपत्र दाखवावे.

पहिली पायरी: महिना निवडणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. दिवसा ऊन सुसह्य असते. सकाळी समुद्रावरचा वारा मात्र बोचतो, म्हणून नाशिकच्या थंडीची सवय असली तरी कानटोपी आणि अंगावर घ्यायची शाल जवळ ठेवावी. याच दिवसांत बोटीभोवती सीगल पक्ष्यांचे थवे घिरट्या घालतात. जन्माष्टमीला आणि दिवाळीच्या सुट्टीत इतकी गर्दी होते की वयस्करांना घेऊन जाणे मी टाळावे असेच सांगेन.

पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मे अखेर आणि जूनमध्ये, अरबी समुद्रात वादळे उठतात. जून २०२३ मधील बिपरजॉय चक्रीवादळ कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्यावर आले आणि द्वारका-ओख्याच्या पट्ट्याला त्याचा चांगलाच तडाखा बसला. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की प्रवासी बोटी बंद होतात. आपण गोदाकाठची माणसे. नदीला पूर येतो तो डोळ्यांना दिसतो, पण समुद्र वरून शांत दिसत असतानाही वाऱ्यामुळे बोट सोडत नाहीत, हे आपल्या चटकन लक्षात येत नाही. ‘एवढे ऊन पडले आहे, मग बोट का नाही?’ असे म्हणून जेट्टीवर हुज्जत घालणारे यात्रेकरू मी पाहिले आहेत. तो निर्णय बोटवाल्याचा नसतो, आणि ज्याचा असतो त्याने तो आपल्या जिवासाठीच घेतलेला असतो.

दुसरी पायरी: नाशिकहून निघण्याचा मार्ग ठरवणे

नाशिकमधून सोयीचे मार्ग दोन आहेत, आणि तिसरा खिशाला परवडला तर.

पहिला मार्ग मुंबईवरून. मुंबई सेंट्रलहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल रात्री सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओख्याला पोहोचते. प्रथमच जाणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते: ‘सेंट्रल’ या नावामुळे ते स्थानक मध्य रेल्वेवर आहे असा समज होतो. प्रत्यक्षात मुंबई सेंट्रल पश्चिम रेल्वेवर आहे, आणि नाशिकरोडहून येणाऱ्या गाड्या मध्य रेल्वेने दादर किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला येतात. म्हणून दादरला उतरावे, पादचारी पुलाने पश्चिम रेल्वेच्या बाजूला जावे आणि तिथून चर्चगेटकडे जाणाऱ्या धीम्या लोकलने मुंबई सेंट्रल गाठावे. सामान जास्त असेल तर दादरहून टॅक्सी करावी. मेल बोरिवलीलाही थांबते, पण तिथे गाडी थोडाच वेळ उभी राहते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन चढायचे असेल तर गाडी जिथून सुटते तिथेच, ती फलाटावर लागलेली असताना, शांतपणे चढणे केव्हाही चांगले.

नाशिकरोड आणि मुंबई सेंट्रल या दोन गाड्यांमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे. इगतपुरीच्या घाटात पावसाळ्यात गाड्या रखडतात, हे आपल्याला नवे नाही. आणि घरून निघतानाही एक तास हाताशी ठेवावा, कारण पंचवटीकडून नाशिकरोडला जाताना आपली स्वतःची ‘द्वारका’ लागते, त्या चौकात संध्याकाळी रिक्षा किती वेळ अडकेल याचा भरवसा नसतो.

दुसरा मार्ग सुरतवरून. नाशिकहून सापुताऱ्यामार्गे किंवा पेठ-धरमपूरमार्गे सुरतेला बसने जाता येते. प्रवास सहा-सात तासांचा धरावा. बस कोणत्या स्थानकावरून सुटेल, जुने सीबीएस, ठक्कर बाजार की महामार्ग, हे आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारून घ्यावे. सुरतेत तीच सौराष्ट्र मेल मध्यरात्रीच्या सुमारास मिळते. मुंबईची धावपळ वाचते, पण घाटाच्या वळणांनी मळमळणाऱ्यांना हा रस्ता जड जातो. गाडी सुरत स्थानकावर थांबणार की शेजारच्या उधना स्थानकावर, हेही तिकीट काढताना नीट पाहावे, कारण स्थानकाच्या पुनर्विकासाच्या कामामुळे काही गाड्या उधन्याला हलवल्या गेल्या आहेत.

तिसरा मार्ग अहमदाबादचा. अहमदाबाद-जामनगर वंदे भारत गाडी मार्च २०२४ पासून ओख्यापर्यंत वाढवण्यात आली आहे. ज्यांना रात्रभराचा रेल्वेप्रवास झेपत नाही त्यांनी अहमदाबादला एक मुक्काम करून या गाडीने बसून जावे. ती शहरातील नेमक्या कोणत्या स्थानकावरून सुटते ते तिकिटावर पाहून मगच त्या भागात खोली घ्यावी.

तिसरी पायरी: आरक्षण

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वीची १२० दिवसांची मुदत आता नाही. हिवाळ्याच्या सुट्टीतील तारीख हवी असेल तर पहिल्याच दिवशी तिकीट काढावे. तत्काळचे आरक्षण आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता सुरू होते, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते. हे जोडण्याचे काम घरी निवांतपणे करून ठेवावे. सकाळी दहाला ते सुरू करणाऱ्याच्या हाती तिकीट लागत नाही.

अर्जात ज्येष्ठांचे वय अचूक भरावे, म्हणजे खालची बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. तिकीट मुंबई सेंट्रलचे काढून सुरतेला चढायचे ठरले, तर चढण्याचे स्थानक वेळेत बदलून घ्यावे. तसे न केल्यास पहिल्या स्थानकावर प्रवासी आला नाही म्हणून जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते. तिकीट द्वारकेपर्यंत न काढता थेट ओख्यापर्यंत काढावे, असे मी आग्रहाने सांगेन. द्वारकेला डबा रिकामा होऊ लागतो, उतरण्याची रेटारेटी होते. ओखा शेवटचे स्थानक असल्याने तिथे सामान मोजून, चप्पल शोधून, औषधांची पिशवी तपासून उतरता येते.

चौथी पायरी: मुक्काम

हॉटेले, धर्मशाळा आणि भोजनालये द्वारकेत भरपूर आहेत, ओख्यात मोजकी. तरीही पहिली रात्र ओख्यात किंवा जवळच्या मिठापुरात काढावी. मिठापूर हे टाटा केमिकल्सच्या कारखान्याभोवती वाढलेले गाव असून तो कारखाना १९३९ पासूनचा आहे. वाटेत दिसणारी पांढरी शुभ्र मिठागरे आणि त्यांतून उभे असलेले बगळे-रोहित पाहण्यासारखे असतात. इथे पहिली रात्र काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत जेट्टीवर पोहोचता येते, आणि या यात्रेत सगळे काही त्या सकाळवर अवलंबून आहे. खोली घेताना प्रत्येकाचे ओळखपत्र मागितले जाते. सागरी सीमेचा भाग असल्याने त्यात सूट मिळत नाही.

पाचवी पायरी: बेटावर जाणे

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून बेटावर जाण्यासाठी बोट ही सक्ती राहिलेली नाही. हा सुमारे २.३२ किलोमीटर लांबीचा, तारांनी तोललेला चार पदरी पूल ओख्याला बेटाशी जोडतो. दोन्ही बाजूंना पदपथ आहेत, त्यांच्या भिंतींवर भगवद्‌गीतेतील श्लोक आणि कृष्णाची चित्रे आहेत, आणि पदपथावरच्या छताला सौर पॅनेल बसवलेले आहेत. पुलाने वाहन बेटावर जाते, पण मंदिराकडच्या गल्ल्या अरुंद असल्याने शेवटचे अंतर पायी किंवा छोट्या रिक्षाने जावे लागते.

माझी पद्धत अशी: समुद्र शांत असेल आणि बोटी सुरू असतील तर जाताना बोट, येताना पूल. जाताना वेळ आपल्या हातात असतो, म्हणून बोट भरण्याची वाट पाहता येते. परतताना मंदिराची वेळ, जेवण आणि गाडी यांचा ताण असतो, तेव्हा रस्ताच बरा. पूल झाल्यावर बोटींची वर्दळ कमी झाली आहे, त्यामुळे आदल्या संध्याकाळी जेट्टीवर स्वतः जाऊन ‘उद्या सकाळी बोट सुटणार का?’ हे विचारावे. हॉटेलात विचारू नये. तिथे गाडी ठरवून देण्यातच त्यांचा फायदा असतो.

बोटीबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण नाशिकहून येणाऱ्यांची भीती इथेच असते. या लाकडी, इंजिनाच्या बोटी आहेत. त्यांना घड्याळाचे वेळापत्रक नसते. पुरेसे प्रवासी झाले की बोट सुटते आणि वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे लागते. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक माणसाच्या उंचीहून अधिक असतो. त्यामुळे भरतीच्या वेळी बोटीची कड जेट्टीच्या जवळजवळ बरोबरीने असते, तर ओहोटीला तीच बोट बऱ्याच पायऱ्या खाली गेलेली असते आणि त्या खालच्या पायऱ्यांवर हिरवे, निसरडे शेवाळ असते. चढताना हातातील पिशवी आधी दुसऱ्याकडे द्यावी. बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. ती वर येऊन क्षणभर स्थिरावते तेव्हाच पाऊल टाकावे, खाली जात असताना नव्हे. कडेला उभा असलेला खलाशी हात पुढे करतो तेव्हा त्याचा पंजा न धरता मनगट धरावे आणि त्याला आपले मनगट धरू द्यावे. पंजा घामाने आणि खाऱ्या पाण्याने सुटतो, मनगट सुटत नाही. वयस्करांना मध्यभागी, इंजिनाच्या धुरापासून दूर बसवावे. लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि नुसते मांडीवर न ठेवता बांधावे. बोट खच्चून भरलेली दिसली तर त्या बोटीत चढू नये, दुसरीची वाट पाहावी किंवा सरळ पुलाने जावे. संकोच करू नये.

बेटावरील मंदिर बाहेरून शिखराचे देऊळ वाटत नाही. ते हवेलीसारखे, अंगणे आणि दालने असलेले आहे. सुदामा मूठभर पोहे घेऊन कृष्णाला भेटला तो इथेच अशी श्रद्धा असल्याने इथे तांदूळ अर्पण करण्याची प्रथा आहे. घरून देवघरातील तांदळाची पुरचुंडी न्यावी. आईने दुसऱ्या खेपेला नाशिकच्या बाजारातून घेतलेला इंद्रायणी नेला होता, आणि तो वाहताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले त्यासाठी पहिल्या खेपेचे तीन तास मी विसरायला तयार आहे. मोबाईल आत नेता येत नाही. दुपारी साधारण बारा-एकच्या सुमारास मंदिर बंद होऊन तीन-चारनंतर उघडते. त्या दिवशीची नेमकी वेळ स्थानिकांना विचारून घ्यावी, पण अकराच्या आत दर्शन होईल अशा बेतानेच निघावे.

वेळ आणि पायांत बळ असेल तर बेटाच्या पूर्वेकडील हनुमान दांडी या देवस्थानाला जावे. तिथे हनुमान आणि त्याचा पुत्र मकरध्वज यांची एकत्र पूजा होते. या परिसरातील समुद्रात प्राचीन वस्तीचा शोध घेण्याचे काम पुरातत्त्वज्ञ डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकात झाले. दुकानांत शंख-शिंपले विकायला असतात. त्यांतील काही जाती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, म्हणून ‘दुर्मीळ’ म्हणून दाखवलेली वस्तू घेऊ नये. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडाही उचलू नये. कच्छच्या आखातात देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे.

सहावी पायरी: द्वारकेकडे आणि परत

बेटावरून दुपारी परतल्यावर ओख्याहून द्वारकेकडे निघावे. वाटेत गोपी तलाव आणि नागेश्वर लागतात. त्र्यंबकेश्वराच्या सावलीत वाढलेल्या माणसाला नागेश्वराबद्दल एक प्रश्न हमखास पडतो: आपल्याकडे नागेश ज्योतिर्लिंग म्हणून औंढा नागनाथाला मान आहे, मग हे कोणते? दोन्ही ठिकाणची परंपरा आपापल्या जागी श्रद्धेने जपली जाते. पुजाऱ्यांशी त्यावर चर्चा करण्यापेक्षा दोन्हीकडे डोके टेकवावे. शिवराजपूरचा स्वच्छ किनाराही याच पट्ट्यात आहे, संध्याकाळ तिथे घालवता येते.

द्वारकेत दोन रात्री ठेवाव्यात. जगत मंदिरही दुपारी बंद असते, म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळच्या आरतीला एकदा असे दोनदा जावे. शिखरावरची बावन्न गजांची ध्वजा दिवसातून अनेकदा बदलली जाते. तो क्षण गोमती घाटाच्या बाजूने चांगला दिसतो. जेवणाची अडचण मराठी माणसाला येत नाही, मात्र भाजी-आमटीत गोडवा असतो. मधुमेह असणाऱ्यांनी ‘गोळ वगर’, म्हणजे गुळाशिवाय, असे सांगून पाहावे. पाणी मचूळ लागते, पिण्याचे विकत घ्यावे.

परतीसाठी पुन्हा ओख्याला जाऊन तिथूनच गाडीत बसावे, की द्वारकेहून? वयस्कर बरोबर असतील तर ओख्याहून. ३० किलोमीटर उलटे जावे लागते हे खरे, पण रिकाम्या गाडीत खालच्या बर्थखाली सामान लावून, पांघरूण घालून त्यांना बसवता येते. त्यासाठी आरक्षण ओख्यापासूनचेच हवे, आणि गाडी सुटण्याच्या दीड तास आधी स्थानकावर असावे. परतीच्या दिवशी बेटाचा बेत अजिबात ठेवू नये. वेळ उरलाच तर स्थानकाबाहेर चहा घ्यावा आणि मुंबई सेंट्रलला उतरल्यावर दादरहून नाशिकरोडकडे जाणारी कोणती गाडी धरायची ते तिथेच वेळापत्रकात पाहून ठेवावे, कारण सकाळी झोपेतून उतरल्यावर ते सुचत नाही.